सात तिचे, बारा हिचे

मी एक यादी बोलतेय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची यादी असते तर फार बरं झालं असतं. ती निदान कुणीतरी शेवटपर्यंत वाचतं. मी आहे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका बाईंच्या शोधनिबंधांची यादी. चार पानं, एकोणीस निबंध. मला सगळे मोजतात, वाचत मात्र कुणी नाही.

माझा जन्म इब्रामपूरचा. तिथल्या शेटकरांची विनोदिनी पेडणे आणि डिचोलीच्या गावांतून दोन वर्षं दारोदार हिंडली. मशेरी लावणाऱ्या बायकांना ओसरीवर बसवून, विजेरी लावून, तिनं त्यांच्या तोंडात बघितलं. कुठे गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, कुठे दुखत नाही म्हणून बाई गप्प आहे, सगळं वहीत उतरवलं. त्यातून पहिला निबंध झाला आणि मी एका ओळीची झाले. पुढे आणखी सहा ओळी वाढल्या. त्या पहिल्या निबंधाचा दाखला आजवर दोनशे चौदा संशोधकांनी आपापल्या लिखाणात दिलाय. तेव्हा मी फार तोऱ्यात असायची.

मग बाईंचं लग्न झालं, डिचोलीच्या परेश मयेकरांशी. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर मुलीचं नावही बदलतात. सासूबाईंनी, म्हणजे सुलोचनाबाईंनी, नाव निवडलं. परेशरावांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं ‘क्षमा’ लिहिलं. पेढे वाटले गेले. इथवर ठीक. पण नव्या नवरीचा उत्साह बघा. घरात क्षमा आणि निबंधावर विनोदिनी, असं खुशाल चालवता आलं असतं. बाईंनी आठवा निबंध थेट क्षमा मयेकर या नावानं छापायला दिला. मला विचारलंसुद्धा नाही. त्यानंतरचे अकराही तसेच.

यंदा तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करणाऱ्या एका नव्या पथकाला प्रमुख हवा होता. बाई प्रमुख झाल्या तर तपासणीची गाडी दर आठवड्याला इब्रामपूरपर्यंत जाणार होती. दुसरे उमेदवार ती शहराबाहेर न्यायला तयार नव्हते. अट पंधरा निबंधांची, अर्ज संगणकावर. संगणकानं क्षमा मयेकर हे नाव शोधलं आणि बाराचा आकडा दाखवून मोकळा झाला. माझं डोकंच फिरलं.

तरी बाजू मांडायला बाईंना बोलावलं, आणि मुलाखतीत मला टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला, माझं शेवटचं पान तेवढं उचललं आणि म्हणाले, “मशेरीवर विनोदिनी शेटकर यांचं मोलाचं काम आहे. संगणक सांगतो, तुमच्या एकाही निबंधात त्यांचा साधा उल्लेख नाही?”

कसा असेल? स्वतःची टिमकी कशाला वाजवा, म्हणून बाईंनी स्वतःचा दाखला कधी दिलाच नव्हता.

“सर, ती मीच,” बाई म्हणाल्या.

“असाल. पण पुरावा?”

लग्नाच्या दाखल्यापर्यंत विनोदिनी, त्यानंतरच्या सगळ्या कागदांवर क्षमा, आणि दोघी एकच असं सांगणारा कागद कुठेच नाही. ज्यांनी नाव ठेवलं त्यांचं प्रतिज्ञापत्र सोमवारपर्यंत आणा, म्हणाले. समोर जिवंत बाई बसलेली असताना ही माणसं कागद मागतात, आणि कागद समोर असला की तो वाचत नाहीत. काय करावं यांना?

शनिवारी सकाळी परेशरावांनी वकिलाकडून आणलेला मसुदा आणि मला आईपुढे ठेवलं. सुलोचनाबाई नुकत्याच परसातून मशेरी लावून, तोंड धुऊन आत आल्या होत्या. त्यांनी हातच लावला नाही.

“विनोदिनी नावाचा आमच्या घरात कोण नाय. माका खोटी सय करूक सांगतस?”

“आये, तिचा काम अडलाला आसा.”

“सय करतंय. पण पयला सांग, ह्या कागदात लिवलला काय आसा?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बाईंनी माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्या सगळ्या बायकांबद्दल सांगू लागल्या. मशेरी, गालाच्या आतला चट्टा, तो दुखत नाही म्हणून राहून जातो ते. सुलोचनाबाई ऐकत राहिल्या. मधेच त्यांनी सुनेचं मनगट धरलं.

“माज्या तोंडात बग गो जरा. तीन म्हयने झाले.”

बाईंनी त्यांना दाराशी उजेडात बसवलं. परेशराव विजेरी आणायला धावले. त्या गडबडीत मी जमिनीवर पडले, माझ्या पानावर कुणाचा तरी पाय पडला, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही. दुपारी तिघं वकिलाकडे जाऊन सही करून आली.

आज सोमवार. सुलोचनाबाईंच्या गालातला तुकडा तपासायला गेलाय, उत्तर यायचंय. त्यांचं प्रतिज्ञापत्र माझ्या पाठीला टाचून बाईंनी मला पुन्हा त्याच टेबलावर ठेवलंय. अध्यक्ष अंगठ्याला थुंकी लावून पानं मोजतायत. एक, दोन, तीन, चार.

साहेब, हात जोडते. माझी पहिली ओळ तेवढी वाचा. सुलोचनाबाईंनी सही करण्याआधी ती समजून घेतली होती.