दवाखान्यातला समुद्र

मी एक चष्मा आहे, पण मला लावून कोणालाही वाचता येत नाही. उलट समोरचं सगळं दिसेनासं होतं. माझ्या पोटात समुद्र आहे: निळं पाणी, रंगीत मासे आणि एक संथ कासव. लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मी कामाला आहे. मुलं समुद्रात रमली की डॉक्टरबाई त्यांच्या दातांचं काम उरकून घेतात.

मी आलो तेव्हा बाईंनी माझं भारी कौतुक केलं. मदतनीस मावशी मात्र म्हणाल्या, "हे डोक्याला बांधून दात निघणार? बघू." प्रत्येक मुलानंतर त्या मला पुसतात, तेही करपलेलं भांडं घासल्यासारखं.

तरी माझं बरं चाललं होतं. मग एक दिवस एक मुलगी आली. घरात तिला मिरची म्हणत. दाढ किडून गाल सुजलेला, झोप उडालेली. आधीच्या खेपेला ती बाईंच्या बोटाला कडकडून चावली होती. आज जमलं नाही, तर तिला मोठ्या इस्पितळात नेऊन, पूर्ण भूल देऊन दाढ काढावी लागणार होती.

सोबत तिचे बाबा. माणूस धिप्पाड, पण चेहरा पांढराफटक. "काही दुखणार नाही हं बाळा," असं ते इतक्यांदा म्हणाले, की मलाच धडकी भरली.

बाईंनी मला तिच्या डोळ्यांवर चढवलं. मी लगबगीनं कासव पुढे केलं. तिनं मला ओढून काढलं.

"नको. ह्यात तुम्ही काय करताय ते दिसत नाही."

माझा इतका अपमान कोणी केला नव्हता. पण मुद्दा बिनतोड होता.

"मग काय करूया?" बाईंनी विचारलं.

"मला आरसा द्या. आणि हे बाबांना लावा. ते सारखे घाबरवतात."

मावशींनी हसू दाबत मला बाबांच्या डोक्याला बांधलं. पट्टा पार शेवटपर्यंत सोडावा लागला. आधी त्यांच्या घामानं मी भिजलो. मग कासव आलं आणि त्यांचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. एका माशाला त्यांनी हवेतच चुचकारलं.

खुर्चीवरचं मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

"आता सुई टोचते. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"मुंगी की मुंगळा?"

बाई जरा थांबल्या. "मुंगळा."

"चालेल."

मग हत्यारांची बारीक किणकिण. शेवटी ताटलीत टण्णकन काहीतरी पडलं.

"बाबा, झालं. चला घरी," मिरची बधिर तोंडानं म्हणाली.

"थांब गं, कासव वर चाललंय."

तेव्हापासून बाई प्रत्येक मुलाला आधी विचारतात, समुद्र हवा की आरसा. आरसा मागणाऱ्यांच्या आईबाबांच्या डोक्यावर मी बसतो. पट्टा सैल झालाय, काचेवर ओरखडे आलेत, मासे मध्येच अडखळतात. तक्रार नाही. फक्त मोठ्या माणसांनो, एक विनवणी. मुलांना धीर द्यायला जाल, तेव्हा आधी तुमचा आवाज थरथरायचा थांबू द्या. तोवर खुशाल माझ्यात येऊन बसा.