जिकडं नजर, तिकडं नळी

फौजदार झालेल्या पोरीनं ते हेलिकॉप्टर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा सगळ्या साहेबांसमोर तिच्या तोंडून निघालं, "अजी बापा!" कोणी हसलं नाही. हसणार कोण? बाकीच्यांचीही तोंडं उघडीच होती.

तशी बिरसीच्या विमानतळाजवळच्या लोकांना विमानांची नवलाई उरलेली नाही. शिकाऊ पायलट रोज धानाच्या बांध्यांवरून घरघर करत जातात, बैलसुद्धा मान वर करत नाही. पण हे जनावर न्यारंच होतं. सैन्याच्या लढाईसाठी घडवलेलं, आणि आता पोलीस खात्यानं चाचणीला आणलेलं. अरुंद अंग, एकामागं एक दोन खुर्च्या, आणि नाकाखाली तोफेची लांब नळी.

त्या पोरीला, खुशबूला, पुढच्या, तोफ चालवणाऱ्याच्या खुर्चीसाठी निवडलं, कारण ती इथलीच, जंगलाची वाट न् वाट पायाखालची. महिनोन् महिने शिकवलं. सगळ्यात नवल त्या शिरस्त्राणाचं. ते डोक्यात घातलं की अंधारातही माणसाच्या अंगाची ऊब पांढरी दिसायची. आणि डोकं जिकडं वळेल, तिकडं नाकाखालची तोफ आपोआप वळायची. जिकडं नजर, तिकडं नळी. पहिल्या दिवशी तिनं उगाच डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं पाहून घेतलं. मेली ती नळी इमानी कुत्र्यासारखी मागं मागं!

सडक अर्जुनीकडच्या गावी तिच्या मायनं, अन्नपूर्णाबाईनं, ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "पोलिसाले कायले लागते व येवढी मशीन? लढाई आहे का कोनासंग?"

"माय, ओमेश आठवते का तुले?"

ओमेश आठवणार नाही कसा! खुशबूच्याच तुकडीतला. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर गाडी गेली आणि पोराचा पाय गेला. मदत येईतोवर रक्तात पडून होता.

"वरून कोनी पाहनारं असतं, तं त्याचा पाय राहिला असता," खुशबू म्हणाली. यावर अन्नपूर्णाबाई चूल पेटवायला उठली.

मार्चच्या अखेरीस खबर आली की सडक अर्जुनीच्या पलीकडच्या जंगलात हत्यारबंद टोळी उतरली आहे. चाचणी बाजूला राहिली, तोफेत खरा दारूगोळा भरला गेला आणि पहाटेच्या अंधारात हेलिकॉप्टर उडालं. मागच्या खुर्चीत वीरेंद्र, पायलट, कमी बोलणारा माणूस. खाली जिल्हा उलगडत गेला, आणि खुशबूला वाटलं, आपण जन्मलो ती जागा ही? शेकडो तलाव मंद चमकत होते, जशी कोणी अंगणात ताटं मांडून ठेवलीत. हायवेवर ट्रकांच्या दिव्यांची माळ सरकत होती. एवढं सुंदर आहे आणि कोणी सांगितलं कसं नाही आपल्याला! तिचे डोळे भरून आले. टोपात डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले.

मग जंगल आलं, आणि जंगलात धग दिसली. झाडांखाली ठिकठिकाणी आगट्या, भोवती पांढरी माणसं. काहींच्या खांद्यावर लांब काहीतरी होतं. हेलिकॉप्टरचा आवाज पोचला मात्र, सगळी पळत सुटली.

कानात साहेबांचा आवाज आला. तेही बिरसीत बसून तेच चित्र पाहत होते. "पळतायत. खांद्यावर हत्यारं दिसतायत. ओळख पटव, खुशबू. पटली की हुकूम देतो."

खुशबूनं आगट्या पुन्हा पाहिल्या. हा मोहाचा हंगाम. पहाटे फुलं टपटपतात, ती वेचता यावीत म्हणून लोक आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. वनरक्षक आला की त्याच्या दंडाला भिऊन पळतात. लहानपणी ती स्वतः मायचा पदर धरून अशीच पळाली होती. खांद्यावरचा तो कावडीचा बांबूही असेल. पण टोळीवालेही आगटी पेटवतात, तेही पळतात, आणि त्यांच्या खांद्यावर बांबू नसतो. पांढऱ्या ठिपक्याला ना चेहरा, ना नाव.

"साहेब, मोह वेचणारे वाटतात."

"वाटतात की आहेत?"

नीट पाहायला हवं होतं. तिनं वीरेंद्रला खाली घ्यायला सांगितलं आणि एका झाडाखाली नजर रोखली. तिथं एक जण पळालंच नव्हतं. उभं होतं, वर पाहत. आणि तेव्हा खुशबूच्या ध्यानात आलं की नजरेबरोबर तोफही त्याच माणसावर येऊन थांबली आहे. पाहायचं म्हणजे नेम धरायचाच. न धरता पाहायची सोयच नव्हती. तिचा उजवा हात चापावर होता, कारण शिकवलंच होतं तसं.

"खुशबू, बोल."

"थांबा साहेब!"

पंख्याचा वारा झाडाला लागला. फांद्या गदागदा हलल्या, आणि त्या पांढऱ्या माणसानं पदर पसरला. दोन्ही हातांनी, चांगला ताणून! वरून मोहाची फुलं गळत होती आणि ती बाई ती झेलत होती. मग एक हात उंच करून तिनं हलवला.

"साहेब, फुलं वेचून राहिली ती!" खुशबू ओरडली. "बाई आहे! मोहवाले आहेत, सगळे!"

कानात साहेबांचा आवाज, एकदम म्हातारा झालेला. "परत या."

"बाप रे," मागून वीरेंद्र एवढंच म्हणाला.

खाली उतरल्यावर साहेबांनी तिला पाणी दिलं. "हे यंत्र ठेवायचं की नाही, वर कळवायचंय. तुझं मत उद्या सांग," ते म्हणाले.

संध्याकाळी ती घरी पोचली. अंगणात मोहफुलांचा हा ढीग! गोड वासानं डोकं गरगरावं असा. आणि अन्नपूर्णाबाई पार हरखून गेलेली.

"आज काय झालं, आयकशील तं येडी होशील! जंगलात हेलिकॅप्टर आलं, झाडाच्या शेंड्यावर! सारे पळाले. म्या म्हटलं, मरन आलं तं आलं, असं पाहाले कवा भेटते? पाहूनच राहिली मी. आन् वारा असा सुटला का झाडच्या झाड रिकामं झालं!"

खुशबू ओसरीवर टेकली. "माय... मीच होती त्यात."

अन्नपूर्णाबाईनं डोळे मोठे केले. "तू? आभाळात? माही पोरगी?" ती हसली, रडली, शेजारणीला हाक मारायला निघाली आणि अर्ध्यातून परतली. "मंग म्या हात हालवला, तूनं काऊन नाही हालवला व?"

खुशबूनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"हात कामात होता, माय."

उद्याची वाट न पाहता तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, हेलिकॉप्टर ठेवा. डोळे ठेवा. तोफ उतरवा."

"ओमेशला विसरलीस?"

"नाही विसरली. म्हणून तं डोळे मागून राहिली. पण आपल्या मानसाकडं पाहाले नेम धरावा लागत असंल, तं ते काम पोलिसाचं नाही, साहेब."

साहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "तुझ्याच शब्दांत कळवतो," म्हणाले.

अन्नपूर्णाबाई ओंजळभर फुलं निवडत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "दुसऱ्या खेपेला येशील तं हात हालवजो बरं. मी उभीच राहीन."