आधी टोपी, मग अंबाडा

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची टोपी आहे आणि माझ्या माथ्यावर मधोमध एक गोल भोक आहे. लगेच हळहळू नका. ते कसरीने खाल्लेले नाही की कुणी ओढून फाडलेले नाही. ते एका प्रेमळ बाईने मुद्दाम, विचार करून ठेवलेले आहे आणि माझ्या आयुष्यात जे काही बरे घडले ते त्या भोकामुळेच. मोठी माणसे फसली की "त्याने मला टोपी घातली" असे म्हणतात. ते ऐकून मला वाईट वाटते, कारण मी आजवर कुणाला फसवलेले नाही. एकदा मात्र माझ्यापायी एका घरातल्या दोघीजणी एकमेकींना फसवत राहिल्या, आणि तेही चांगल्या मनाने.

माझा जन्म स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी झाला. मला विणले घरातल्या सासूबाईंनी. त्यांची सून टपाल वाटायची. सकाळी सातला ती सायकलवरून निघे आणि हिवाळ्याचे चार महिने लालबुंद कान घेऊन परत येई. हिला कान झाकणारी टोपी हवी, असे सासूबाईंनी मनाशी घेतले आणि कुणाला न सांगता सुया बाहेर काढल्या. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले असत. दोन ओळी विणून झाल्या की त्या हात कोमट पाण्यात धरत आणि पुन्हा विणायला बसत. पाच आठवड्यांनी मी तयार झाले. गडद निळा रंग, कानांवर दुहेरी पट्टी, आणि माथ्याकडे टाके कमी करत नेऊन छान आवळलेली. तेव्हा मी स्वतःवरच खूश होते.

चूक झाली ती मापात. सुनेला सुगावा लागू नये म्हणून सासूबाईंनी एका सुट्टीच्या दिवशी, ती केस वाळवत बसली असताना, गमतीगमतीत तिच्या डोक्याभोवती धागा गुंडाळला होता. तेव्हा केस मोकळे होते. कामावर जाताना मात्र ती कमरेपर्यंतच्या त्या केसांचा डोक्यावर घट्ट अंबाडा घाली, नाहीतर ते पिशवीच्या पट्ट्यात अडकत. त्या अंबाड्यावर मी बसणार कशी? पुढून ओढले की मागून वर जाई, मागून ओढले की पुढून. पाच मिनिटांत मी अंबाड्याच्या टोकावर जाऊन बसे आणि कान आपले उघडेच.

"वा आई, अगदी मापात झाली!" असे सूनबाई म्हणाली खरी. पण घराचा कोपरा वळेपर्यंत ती मला एका हाताने धरून ठेवी आणि वळली की पिशवीत कोंबी. संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर पुन्हा डोक्यावर. एकदा दिवसभर भिजट बर्फ पडले. तिचा कोट, हातमोजे, पिशवी, सगळे निथळत होते आणि मी खडखडीत कोरडी! सासूबाईंनी मला चाचपून पाहिले. त्यांना वाटले, हिला माझे विणकाम आवडत नाही. त्याही गप्प, हीही गप्प. दोघी मूग गिळून बसल्या.

मग थंडीने सूनबाईच्या कानाच्या पाळ्या फुटल्या. एका संध्याकाळी दोन्ही कानांना मलमपट्टी लावून ती घरी आली.

"आई, उद्या मला उशीर होईल. केस कापून येते."

"किती कापणार?"

"मानेपर्यंत."

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. "का गं? जिवापलीकडे जपतेस की केस."

"डॉक्टर म्हणाल्या, कान झाकले नाहीत तर जखमा भरणार नाहीत. मग हे काम सोडावं लागेल. आणि टोपी या केसांवर बसत नाही. दिवसभर सगळं दुसऱ्यांच्या वेळेवर चालतं माझं. केस तेवढे माझ्या मर्जीचे होते, आई."

"बसत नाही? मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"तुमची बोटं बघत होते ना मी. कशी बोलणार?"

"अगं वेडे, ती बोटं तुझे कान झाकायला राबली! आणि टोपीसाठी केस कापायचे? हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड झालं. बस इथे. घाल अंबाडा."

सासूबाईंनी माझ्या माथ्यावरची गाठ सोडली आणि धागा ओढला. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. एका आठवड्याची मेहनत दोन मिनिटांत सर्रकन उसवली. अंबाडा त्या मोठ्या भोकातून बाहेर आला, कान झाकले गेले, पण अंबाड्याभोवतीच्या फटीतून बोट जात होते, म्हणजे वाराही जाणार. मग त्यांनी केसांचे एक रबर घेतले, माझे टाके उचलून त्याच्याभोवती विणले आणि भोक तीन बोटांएवढे केले. आता अंबाडाच त्यातून जाईना. ओढाओढीत सूनबाई "आई गं!" म्हणून ओरडली. वैतागून तिने भराभर काटे काढले, केस मोकळे सोडले, आणि मी अलगद खाली उतरून दोन्ही कानांवर जाऊन बसले. माप मोकळ्या केसांचेच होते ना!

भोकात बोटे घालून तिने सगळे केस वर ओढले आणि माझ्या माथ्यावर अंबाडा बांधला.

"आई, आधी टोपी, मग अंबाडा!"

सासूबाईंनी चहूबाजूंनी फिरून पाहिले. फट म्हणून नव्हती. "बुचड्याचंच बूच झालं की गं!" त्या म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून सासूबाईंचा लेक काय झाले ते बघायला आला. दुसऱ्या दिवशी केस कापायला कुणी गेले नाही.

पुढचे अकरा हिवाळे मी घराघरांची दारे पाहिली. टपाल कार्यालयातल्या बायका मला उलटसुलट करून बघत. मग लांब केसवाली माणसे आपापल्या टोप्या घेऊन सासूबाईंकडे येऊ लागली. पाव भाजणारी आली, खांद्यापर्यंत केस असलेले संगीताचे सर लाजत लाजत आले. दोन वेण्यांच्या एका मुलीच्या टोपीला तर दोन भोके! सासूबाई प्रत्येकाला आधी विचारत, "कामावर केस कसे बांधता? तसे बांधून दाखवा."

पुढे सूनबाईला बसून करायचे काम मिळाले आणि मी कपाटात मोज्यांखाली गेले. खोटे कशाला बोलू, मी थोडी रुसले होते. मग गेल्या थंडीत तिनेच मला बाहेर काढले. सासूबाई आता फार थकल्या आहेत. केस विरळ झालेत, डोक्याला गारठा लागतो आणि सुया हातात धरवत नाहीत. माझे टाके बघून बघून सूनबाईने आयुष्यातली पहिली टोपी विणली. महिनाभर खपली होती बिचारी. तिने ती हलकेच सासूबाईंच्या डोक्यावर चढवली आणि श्वास रोखून उभी राहिली.

सासूबाईंनी डोके इकडे हलवले, तिकडे हलवले.

"बोचतेय गं. आणि डावीकडे सैल झालीय."

सूनबाईने त्यांना घट्ट मिठीच मारली. एवढा आनंद तिला कुणाच्या कौतुकानेही झालेला मी पाहिला नव्हता. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि टोपी उसवायला लागली. धाग्याचा गुंडा सासूबाईंनी मांडीवर धरला होता.

मित्रांनो, माझ्यावर पुष्कळांचे उपकार आहेत, पण सर्वांत मोठे उपकार मला उसवणाऱ्या हातांचे. तुम्हाला कुणी जीव लावून काही दिले आणि ते नीट बसत नसेल, तर ते लपवू नका, टाकूनही देऊ नका. देणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा आणि कुठे बोचते ते सांगा.