धागे मोजणारे भिंग आणि रखमाचे पान

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळेच्या घडीच्या चौकटीत बसवलेले आणि काडेपेटीहूनही लहान. माझ्या तळाला बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी आहे. गिरणीच्या घडी खात्यात मला कापडावर उभे करीत आणि त्या इंचात किती धागे बसले, ते मोजीत. काचेला सुख नाही, दुःखही नाही. समोर येईल ते मोठे करून दाखवावे, एवढेच तिचे काम. तेव्हा मी सांगेन ते सरळ सांगेन. तुम्हीही सरळ बसून ऐका.

माझे पहिले धनी दत्ताराम परब. डिलाईल रोडच्या चाळीत त्यांचे बिऱ्हाड होते. त्यांची नजर अशी की ताग्याबद्दल शंका आली तर साहेबसुद्धा म्हणे, "परबाला विचारा." त्यांच्या बायकोचे नाव रखमा. नऊ वर्षे मूल झाले नाही, म्हणून दत्तारामांनी कौसल्येशी दुसरे लग्न केले. त्याच आठवड्यात रखमा पत्र्याची ट्रंक उचलून घराबाहेर पडली, ती परतली नाही. बायको सोडून गेली, असे गावी कळवणे दत्तारामांना जमेना. एका दुपारी त्यांनी घराण्याच्या वंशावळीची वही उघडली, पान उडू नये म्हणून मला त्यावर ठेवले आणि लिहिले, 'सौ. रखमा. १९५१ साली देवाघरी.' ती ओली अक्षरे मला फार मोठी दिसत होती.

पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या जोडीदाराने म्हटले, "दत्ताराम, तुझी रखमा नायगावात खानावळ चालवते रे. काय माशाचं कालवण करते!" दत्तारामांनी मला कापडावर ठेवले आणि एकाच इंचातले धागे दोनदा मोजले.

पितृपक्षातली अविधवा नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. त्या दिवशी परबांकडे दरवर्षी रखमाच्या नावाने एक सवाष्ण जेवू लागली. १९६४ साली दत्ताराम गेले, तरी तो रिवाज चालूच राहिला. मी मात्र खणात गेले. गंजलेल्या चाव्या आणि शर्टाची बटणे, एवढाच माझा शेजार. कोणी पुसले नाही आणि मला त्याचे काही वाटलेही नाही.

मग दत्ताराम आणि कौसल्या यांची नात उर्मिला हिने मला बाहेर काढले. ती शाळेतून निवृत्त झाली, त्याच वर्षी तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती परबांची वंशावळ पुरी करते आहे. घरात तिला दुसरे काही दिसेनासे झाले आहे.

यंदाच्या पितृपक्षातला तो आठवडा ऐका. सोमवारी तिने परळच्या शामरावांसमोर बसून त्यांच्या तीन पिढ्या उतरवून घेतल्या. मंगळवारी गिरगावातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला आणि बुधवारभर मला डोळ्याशी धरून तो वाचला. वंशावळीसाठी परबांची माहिती हवी म्हणून तिने जिकडे तिकडे आपला नंबर देऊन ठेवला होता; गुरुवारी नायगावच्या बीडीडी चाळीतून फोन आला. चाळ पाडायची होती. अनुजा नावाच्या मुलीला खोली रिकामी करताना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली होती, आणि तिच्यावर रंगाने 'परब' असे लिहिलेले होते. शुक्रवारी उर्मिला मला घेऊन तिकडे गेली.

"मावशी, आधी चहा घ्या," अनुजा म्हणाली. "ही आमच्या रखमाआजीची. सख्खी नव्हे हां. माझी आजी गंगुबाई आणि ती, दोघी मिळून खानावळ चालवायच्या. आजी सांगायची, हिच्या कालवणासाठी गिरणीवाले पाळी बदलून घ्यायचे!"

ट्रंकेत १९७१ सालचे रेशनकार्ड होते. उर्मिलेने मला त्यावर टेकवले. रखमा दत्ताराम परब. खाली परबांच्याच गावाचे नाव. त्याखाली मृत्यूचा दाखला होता, १९८३ सालचा.

उर्मिलेच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. तिने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि विचारले, "शेवटी तिच्याजवळ कोण होतं?"

"आजी होती ना. पाणी तिनेच पाजलं."

शनिवारी उर्मिला प्रभादेवीला धाकट्या भावाकडे, हितेंद्रकडे गेली. नवमी दुसऱ्या दिवशी होती.

"ताई, सवाष्ण सांगून झालीय," हितेंद्र वैतागला. "आता फोन करून काय सांगू? बाई मेलीच नव्हती म्हणून?"

"आजोबांच्या मागे एकोणीस वर्षं जगली ती. तिची तिथी नवमी नव्हे."

"अगं, आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय! घरात तू मोठी, तूच त्यांना खोटं पाडणार?"

"भिंग लाव आणि हा दाखला वाच."

हितेंद्रने वाचले. मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचले, अगदी दत्ताराम तो इंच मोजत तसे.

"आपण लहानपणी तिच्या नावाची खीर खायचो," तो हळूच म्हणाला, "आणि ती इथे, नायगावात..."

"कालवण करत होती," उर्मिला म्हणाली.

मग हितेंद्रने फोन उचलला. "सवाष्णीला नको म्हणून कळवतो. सर्वपित्री अमावास्येला तिचं पान मांडू. खीर राहू दे, कालवण करायला सांगतो."

"पितरांच्या पानावर मासे? वेडा झालास की काय!"

"बरं, मग काळ्या वाटाण्याचं. पण वाढणार मी."

रविवारी, सत्तर वर्षांत प्रथमच, परबांकडे नवमीचे पान मांडले गेले नाही. उर्मिलेने वही उघडली आणि मला त्याच जुन्या ओळीवर ठेवले. दत्तारामांचे अक्षर वाचता येईल इतपत तिने त्यावर एकच बारीक रेघ ओढली आणि खाली लिहिले, 'रखमा. नायगावात खानावळ चालवली. मृत्यू १९८३. जवळ गंगुबाई होती.' शाई वाळेपर्यंत तिने मला उचलले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या खणात माझ्यासारखे काहीतरी पडून असेल. ते काढा आणि मऊ फडक्याने पुसा. पण नुसते पुसून ठेवू नका. दत्तारामांची ती ओळ माझ्याच काचेखाली लिहिली गेली होती आणि मी खणात पडून ते खोटे सांभाळत राहिले. भिंगाला स्वतःचा डोळा नसतो. तो तुम्हीच लावायचा असतो.