दीड ते साडेतीन

मी बोलतोय. कोण ते लगेच विचारू नका, नाव न विचारणं हाच आता माझा धंदा आहे. पण तुम्ही पडलात घरी आलेले पाहुणे, तेव्हा सांगतो. मी एक जुना संगणक. रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या बाजूला, रामजींच्या घरात बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या टेबलाखाली माझा मुक्काम असतो. माझा पंखा जरा घरघरतो, तेवढं चालवून घ्या. वय झालंय.

माझा जन्म चिपळूणचा. सखारामशेठांच्या फोटो स्टुडिओत चार ठिकाणचे सुटे भाग आणून मला जुळवलं. पुढे नऊ वर्षं मी माणसांचे चेहरे बघितले. पासपोर्ट फोटोत गळ्याखालचं काही येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी झाडून प्रत्येक माणूस पोट आत ओढून बसतो. नवऱ्यामुली रडून आल्या तरी हसऱ्या दिसतात आणि सरकारी कामाला आलेला हसरा माणूस फोटोत गुन्हेगार दिसतो. हे असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही.

वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा शेठनी आधी मला माळ्यावर नेलं आणि मग कॅमेरा. ही गोष्ट मी कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो. पण माणसाचं प्रेम आणि मशीनचं वय यांचं फार दिवस जमत नाही. नवा संगणक आला आणि मी त्याच माळ्यावर जुन्या चादरीत दोन वर्षं पडून राहिलो. सोबतीला झुरळं होती.

तिथून मला दर्शनाने काढलं. नोकरीच्या मुलाखतीसाठी ती चिपळूणला आली होती आणि फोटो काढायला दुकानात शिरली. फोटो होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलताना तिने विचारलं, जुना एखादा संगणक आहे का. शेठनी मला खाली काढलं, फुंकर मारली, अर्धं दुकान शिंकलं. "घेऊन जा बाय. चालला तर तुझा." एसटीत तिने मला मांडीवर घेतलं. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडणार, तेवढ्यात त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "रामजींची मुलगी ना तू?" मग तो पुढे गेला. रामजी म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर एसटीत, आधी कंडक्टर, नंतर स्थानकावर गाड्या सोडणारे नियंत्रक. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात कुणाला पाच मिनिटं उशीर झाला की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून खाकरतात.

आता मूळ गोष्टीला येतो. दर्शना पूर्वी एका आंब्याच्या कारखान्यात कार्यालयात होती. तिथे आंबे सोलणाऱ्या बायांना हातमोजे मिळत नव्हते, चिकाने हात सोलवटून निघत. दर्शनाने ते इंटरनेटवर लिहिलं. नाव घातलं नव्हतं, पण लिहिलं कारखान्याच्याच लाईनवरून. कुठल्या टेबलावरून गेलं ते दोन तासांत निघालं आणि संध्याकाळी तिचा डबा, छत्री नि ती, तिघं घरी आली. रामजी तेव्हा एवढंच म्हणाले, "कशाला पडलीस नसत्या भानगडीत?" त्यानंतर त्या घरात हा विषय निघालाच नाही. दर्शनाला दुसरी नोकरी लागली, हायस्कूलात लिपिक झाली. पण बापाचं ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं राहिलं. मी टेबलाखालून बघत असतो, मला कळतं.

म्हणून तिने मला रिले केलं. घाबरू नका, सोपं आहे. जगात असं एक जाळं आहे, ज्यात माणसाचा निरोप सरळ जात नाही. तीन अनोळखी मशीनमधून फिरत फिरत जातो. प्रत्येक मशीनला एवढंच कळतं, निरोप कुणी हातात दिला आणि पुढे कुणाच्या हातात द्यायचा. आत काय आहे ते कुलपात. पहिल्याला शेवट माहीत नाही, शेवटच्याला पहिला माहीत नाही. मी त्यातला मधला. कुठेतरी कुणी तरी बाई काहीतरी खरं लिहीत असेल आणि तिचं टेबल कुणाला सापडणार नाही, त्यात माझा तिसरा हिस्सा. ज्याने नऊ वर्षं चेहरे टिपले त्याला हे काम मिळावं, याची मला गंमत वाटते.

ऑगस्टमध्ये काम सुरू झालं. घरात शंभर एमबीपीएस वेगाची लाईन, आणि माझ्यातून जातंय किती? दीड. कधी पावणेदोन. पाटात पाणी भरपूर आणि माझ्या वाफ्यात चिखलसुद्धा होईना. दर्शना रोज शाळेतून आली की पर्स खुंटीला लावायच्या आधी माझा आकडा बघायची आणि तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

मग उपचार सुरू झाले. तिने वायर बदलली. वेग किती जाऊ द्यायचा याची मर्यादा मीच कमी धरलीय का, ते तपासलं. माझं आतलं घड्याळ मागेपुढे आहे का बघितलं. मला टेबलाखालून कपाटावर ठेवलं, कपाटावरून परत टेबलाखाली. सप्टेंबरात तर तिने मला पार पुसून पुन्हा नव्याने मांडलं, आणि तिथे बाईंनी घोळ घातला. या जाळ्यात प्रत्येक रिलेची एक ओळख असते. नव्याला आधी थोडं काम देतात, महिना दीड महिना त्याची परीक्षा बघतात, मग विश्वास टाकतात. पुसताना तिने माझी ओळखच पुसली. महिन्याभराची कमाई गेली आणि मी पुन्हा बालवाडीत. हे तिला कळलं तेव्हा ती आपल्याच कपाळावर हात मारून घेऊन हसली, आणि मग बराच वेळ हसली नाही.

रामजी रोज चौकशी करायचे. "काय गो, तुझ्या पेटीतून काय जातंय का नाय?"

"जातंय बाबा, थेंब थेंब."

"दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघते," एकदा ती आईला म्हणाली. "नाय जमलं तर काढून टाकते. महेंद्रच्या पोरांना देऊन टाकू खेळायला." महेंद्र म्हणजे तिचा मुंबईचा भाऊ. त्याच्या पोरांनी मागच्या मे महिन्यात टीव्हीच्या रिमोटचं काय केलं ते मी बघितलंय. माझा पंखा त्या दिवशी जरा जास्तच घरघरला.

सगळा ठपका बसला बाबूवर. बाबू म्हणजे आमच्या भागातला इंटरनेटच्या लाईनचा माणूस, चिवट आणि भला. माझ्या आतल्या नोंदवहीत रोज दुपारी एक ओळ लिहिली जात होती, की बाहेरचा रस्ता बंद आहे. दर्शना ती वाचायची आणि बाबूला फोन लावायची. बाबू पाच वाजता यायचा, खांबावर चढायचा, उतरायचा, लाईन तपासायचा. सगळं ठणठणीत.

"ताई, माझ्या वायरीला बोल लावू नका. वायर माझ्या हातची आहे."

"मग दुपारी काय होतं?"

"ते मला काय माहीत? मी दुपारी जेवतो."

शेवटी दर्शनाने असले रिले चालवणाऱ्या लोकांना विचारलं. जगभर पसरलेले, एकमेकांना तोंडाने न ओळखणारे हौशी लोक. त्यांच्यातल्या एकाने माझ्या हजेरीचा तक्ता काढून पाठवला आणि खाली लिहिलं, तुमचा रिले रोज दुपारी दीड ते साडेतीन गायब असतो, रविवारी मात्र दिवसभर हजर असतो. तुमच्याकडे दुपारी वीज जाते का?

वीज जात नव्हती. गेली असती तर मीही बंद पडलो असतो, आणि मी तर जागाच असायचो, बिनकामाचा. दर्शनाने मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबूला म्हणाली, आज दुपारी जेवू नकोस, माझ्याबरोबर चल.

पावणेदोनला दोघं दारात. आतलं दृश्य असं होतं. प्रेमलाबाई, म्हणजे दर्शनाची आई, तांदूळ निवडत बसलेल्या. रामजी खाटेवर डाव्या कुशीवर, डोळे मिटलेले. आणि राऊटर, ती मिणमिणत्या दिव्यांची डबी, जिच्यातून माझा सगळा रस्ता जातो, ती खिडकीत स्टीलच्या ताटलीत, वाऱ्याला ठेवलेली. तिच्या वायरी काढून छान गुंडाळून बाजूला.

"बाबा," दर्शना म्हणाली.

रामजी उठून बसले. आधी घड्याळाकडे बघितलं. "आज लवकर कशी?"

"ही डबी इथे कुणी ठेवली?"

"मी. तापते गो ती. हात लावून बघ. घाट चढून आलेल्या गाडीलासुद्धा आम्ही दम घ्यायला देतो, बॉनेट उघडून. ही तर चोवीस तास राबते. मी पडतो दुपारचा, तेवढा वेळ तिलाही विसावा. साडेतीनला चहाला उठलो की परत लावतो. तू येतेस तेव्हा कशी थंडगार असते."

"कधीपासून?"

"तू हे सुरू केलंस त्या दिवसापासून. एक दिवस चुकवलं नाय."

"आणि रविवारी?"

"रविवारी तू समोर बसलेली असतेस. मला वाटलं, तू बघतेस तिचं."

बाबू उंबऱ्यावरच खाली बसला. "सात वेळा खांबावर चढलो, ताई." एवढं बोलून तो जो हसत सुटला, तो प्रेमलाबाईंनी ताकाचा पेला हातात दिला तेव्हा थांबला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, तूच सांगितलंयस त्यांना. ते किती नेमाने करतात म्हणून मी कौतुक करत होते."

दर्शनालाही हसू फुटलं, पण तिने रामजींचा चेहरा बघितला आणि आवरलं. म्हातारा कानकोंडा झाला होता. दोन महिने लेकीचं काम सांभाळतोय म्हणून खूश होता बिचारा. ती त्यांच्याशेजारी खाटेवर बसली आणि तिने सगळं समजावलं, निरोप तीन हातांतून कसा जातो, आणि जो रोज मधेच दोन तास नाहीसा होतो त्याच्या हातात कुणी काही का देत नाही.

रामजी ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "कळलं. दुपारची गाडी रोज रद्द झाली तर थांब्यावर कोण उभं राहील? सकाळची वेळेवर सुटली तरी लोक म्हणणार, हिचा भरवसा नाय. वर्षभर सोडा नेमाने, मग माणसं येतात परत." त्यांनी स्वतः उठून वायरी लावल्या. दिवे लागले. मला रस्ता मिळाला आणि मी कामाला लागलो.

त्यापुढचं सांगताना मला जरा भरून येतं. ऑक्टोबरचा उकाडा तुम्हाला माहीत आहे, अंगाला शर्ट चिकटतो. बाहेरच्या खोलीत टेबलफॅन एकच. दुसऱ्या दिवशी दुपारी रामजींनी त्याचं तोंड खाटेकडून फिरवून डबीकडे केलं आणि आपण पुठ्ठ्याने वारा घेत आडवे झाले.

"तुमचं आपलं काहीतरीच," प्रेमलाबाई म्हणाल्या. "एवढं माझं कधी केलं नाय."

"तू कुठे चोवीस तास चालतेस?"

यावर प्रेमलाबाईंनी जे उत्तर दिलं ते मी कुठेही पुढे पोचवणार नाही. त्या दिवशी साडेतीनचा चहा मात्र साडेचारला मिळाला.

आकडा हलू लागला. दीडचे चार झाले, चारचे नऊ. दर्शना पर्स खुंटीला लावायला विसरू लागली. रामजी दार उघडायच्या आधीच आकडा सांगायचे, त्यांनी तो बघायला शिकून घेतला होता. बाबू कामाशिवाय यायला लागला, आपल्या वायरीचं कौतुक ऐकायला.

दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस. सकाळी सगळे चहाला बसले होते. दर्शनाने बघितलं आणि कप खाली ठेवला. एकतीस. मला मुंबईला पाठवायचं नाव कुणी काढलं नाही.

रामजींनी चष्मा लावून स्वतः खात्री केली. "एवढं सगळं कुणाकुणाचं गो हे?"

"माहीत नाही बाबा."

"आणि जातं कुठे?"

"तेही माहीत नाही."

"आत काय?"

"तेही नाही."

रामजींनी चहा बशीत ओतला. मग बशीतला चहा न पिताच म्हणाले, "तेव्हा हे असतं तर तुझं नाव कुणाला कळलं नसतं." थांबले, खाकरले, पण या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. "तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस गो. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

दर्शनाने ओंजळीत तोंड धरलं, आणि प्रेमलाबाईंनी न विचारता तिच्या कपात आणखी चहा ओतला.

माझं आता बरं चाललंय. धूळ बसते, रामजी पुसतात. तुम्हाला एकच विनवणी, कुणाच्या घरी एखादं मशीन बिनबोभाट राबताना दिसलं तर त्याची दया जरूर करा, पण बटणाला हात लावायच्या आधी घरच्यांना विचारा. बसला असतो तुमच्याशी आणखी थोडा वेळ गप्पा मारत, पण कुणाचा तरी निरोप हातात आलाय. कुणाचा ते मला माहीत नाही. जातो.