एक जुलैला जन्मलेले गाव

मित्रांनो, मी एक जुने रजिस्टर आहे आणि भर कोर्टात खोटे ठरलेले आहे. अशी ओळख कोणी आपणहून करून देत नाही. पण लपवून काय करता? पान सत्तावीसवर लाल शाईने लिहिलेलेच आहे.

माझे नाव दाखलखारीज. मोताळ्याच्या अलीकडे एका गावच्या शाळेत, लोखंडी पेटीत माझे आयुष्य गेले. पोर शाळेत आले की त्याचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख माझ्यात चढायची. शेषराव गुरुजींचे अक्षर इतके देखणे की तपासणीचे साहेब माझ्या पानांवरून हात फिरवून "वा!" म्हणायचे आणि सही ठोकायचे. वाचायचे मात्र कोणी नाही. वाचले असते तर कळले असते की आमचे अख्खे गाव एक जुलैला जन्मले आहे.

त्याचे असे होते. जन्माचा दाखला कोणीच आणायचे नाही. मग गुरुजी पोराला उभे करून म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरून ने अन् डावा कान धर." कान हाती लागला की सहा वर्षे पूर्ण, जन्म एक जुलै. नाही लागला तर पोर घरी जायचे आणि पुढल्या साली हात वाढवून यायचे.

साठ सालच्या जुलैत कापसाच्या जिनिंगमधले कारकून उकंडराव आपल्या प्रतिमाला घेऊन आले. तिची बोटे कानाला लागली. गुरुजींनी लिहिले, एक जुलै १९५४. उकंडरावांनी शेजारी झोकदार सही केली. मला काय, मी घेतले लिहून.

तीन वर्षांनी उकंडराव आणि कौशल्याबाई यांचा घटस्फोट झाला. कोर्टाने कौशल्याबाईंना महिना वीस रुपये पोटगी लावून दिली आणि प्रतिमाला अठरा वर्षे पुरी होईपर्यंत तीस. उकंडरावांनी दुसरा संसार मांडला, पण मनिऑर्डर कधी चुकवली नाही. तेवढे त्यांचे कबूल केले पाहिजे.

बाहत्तरच्या जुलैत मात्र मुलीचे पैसे आले नाहीत. माझ्या मते प्रतिमा अठराची झाली होती. तिच्या आईच्या मते ती साडेसोळाची होती. पोरगी बुलडाण्याला राहून मास्तरीण व्हायचे शिकत होती आणि एकच वर्ष उरले होते. तिचे राहणे-जेवणे त्या तीस रुपयांवर चालायचे. ते बंद म्हणजे शिक्षण बंद, हाती विळा आणि आईसोबत निंदण. कौशल्याबाई कोर्टात गेल्या आणि मला साक्षीचे बोलावणे आले. माझा तो पहिलाच एस. टी. प्रवास, गुरुजींच्या मांडीवर, फडक्यात गुंडाळून.

उकंडरावांचे वकील जाड मानेचे होते. त्यांनी मला उंच धरले. "साहेब, सरकारी रजिस्टर आहे. तपासणीच्या सह्या आहेत. आता बोलायला उरले काय?"

अभिमानाने माझी शिवण ताणली. खरी नोंद गावच्या कोतवालाच्या वहीत असायची, पण ते साल वाळवीने खाल्ले होते. सगळा भार माझ्यावर होता.

न्यायाधीशांनी विचारले, "गुरुजी, जन्माचा दाखला पाहिला होता?"

"नाही साहेब. कान पाह्यला."

न्यायाधीशांनी माझी पाने उलटली. एक उलटले, मग दुसरे, मग भराभर. "तुमच्या गावात बाकीचे महिने नसतात का हो?"

"असतात साहेब. पन शाळा जुलैतच उघडते."

कोणी हसले नाही. गुरुजींनी सगळी रीत समजावली, तसा न्यायाधीशांचा हात नकळत डोक्यावरून कानाकडे गेला. मग कारकुनाचा, मग पट्टेवाल्याचा. वकीलसाहेबांनीही करून पाहिले. मान आडवी आली, हात पोचलाच नाही. माझ्या नियमाने त्यांना अजून शाळेत घालता येत नव्हते.

"रीत वेडी असेल," ते घाम पुसत म्हणाले, "पण म्हणून हीच तारीख खोटी कशावरून?"

हे मात्र बिनतोड होते.

कौशल्याबाई उठल्या. "साहेब, माही पोटगी बंद करा, पन पोरीची चालू ठेवा."

"तुमची वेगळी आहे, बाई. प्रश्न मुलीच्या वयाचा आहे. बसा."

तेव्हा आईशेजारी बसलेली प्रतिमा बोलली. "साहेब, माहा हात कानाले पुरत नव्हता. बाबानं मागून डोकं वाकवलं, तवा पुरला."

न्यायाधीशांनी उकंडरावांना पुढे बोलावून पान सत्तावीस दाखवले. "ही सही तुमची?"

"हाव."

"मुलगी खरे बोलते?"

वकील डोळ्यांनी नको नको म्हणत होते. उकंडराव सहीकडे पाहत राहिले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मलाही वाटत होते, त्यांनी नाही म्हणावे. मला खरे ठरायचे होते.

"हाव साहेब," उकंडराव म्हणाले. "पोरगी लय हुशार होती. तिचं साल वाया जाऊ नये, असं वाटलं मले."

"आणि आता?"

उकंडरावांनी मान खाली घातली. खालीच पाहत म्हणाले, "पंचावन साली झाली. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी."

लाल शाई आणली गेली. प्रतिमाला आणखी दीड वर्ष मिळाले आणि मला हा डाग. परतीच्या गाडीत गुरुजींनी मला मांडीवर न घेता बाकाखाली ठेवले.

मित्रांनो, आम्हा रजिस्टरांना खाकी कव्हर घालू नका, अक्षरही देखणे नसले तरी चालेल. फक्त विचारून लिहा. आम्ही जे लिहाल ते खरे म्हणून सांगत सुटतो, आणि बोटभर ओळीत पोरीची दीड वर्षे गडप होतात.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत माझी पेटी एका नव्या बाईंनी उघडली. समोर एक बाप पोराचे डोके हळूच मागून दाबत होता.

"भाऊ, हात काढा पह्यले," प्रतिमाबाई म्हणाल्या. "याची माय कुठं हाय? बोलवा तिले."

माय आली ती पदराच्या गाठीत दवाखान्याची चिठ्ठी घेऊन. बाईंनी ती दोनदा वाचली आणि माझ्यात लिहिले, अकरा ऑक्टोबर.

माझ्या पानांवर ऑक्टोबर पहिल्यांदाच आला होता.