या खोलीतलं या खोलीत

वर्गात त्याला सगळे ‘धाकटे पाळक’ म्हणायचे. वडील चर्चचे पाळक, म्हणजे पोरगा जन्मतःच अर्धा पाळक, असा सरळ हिशेब. त्यात याची ऐकून घेण्याची हातोटी अशी, की जेवणाच्या रांगेत मागे उभा राहिलेला माणूससुद्धा ताट भरेपर्यंत घरचं सगळं रडगाणं याच्या गळ्यात मारून मोकळा व्हायचा. हा मान डोलवायचा. ‘आणि तुझं काय?’ असं विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. दिवसभर माणसांचा राबता, आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत हा एकटा. त्याला ते टोचायचं, फार टोचायचं. पण सांगणार कुणाला?

ख्रिस्ती कॉलेजातलं मानसशास्त्र आणि समुपदेशनाचं हे शेवटचं वर्ष. सरावाच्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या, मधल्या तिपाईवर कागदी रुमालांचा डबा. एका खुर्चीत ऐकणारा, दुसरीत बोलणारा. बोलणाऱ्याने आपलं खरंखुरं दुखणं आणायचं, मग पाळी बदलायची. शिकवणाऱ्या बाईंचे नियम दोनच. या खोलीतलं या खोलीत राहील. आणि समोरचा गप्प झाला तर मधे तोंड घालायचं नाही. शांतता आपल्याला सोसत नाही म्हणून आपण बोलतो, त्याचं भलं व्हावं म्हणून नाही.

ऐकणाऱ्याच्या खुर्चीत हा पटाईत. बोलणाऱ्याच्या खुर्चीत बसला की सरळ थापा मारायचा. कधी परीक्षेची धास्ती, कधी झोप लागत नाही. बाई काही कालच्या नव्हत्या. त्यांनी एक दिवस त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की ज्याला त्या खुर्चीत बसता येत नाही त्याच्यापुढे मी दुखावलेलं माणूस बसवणार नाही. पुढच्या वेळी खरं बोलला नाहीस, तर इस्पितळात रुग्णांशी बोलायचं काम विसर.

सरावातली त्याची जोडीदारीण म्हणजे वर्गातली ‘घाईबाई’. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत रुमालांचा डबा पुढे करणारी. मनाने सोनं, पण तोंडाला कुलूप नाही. तिच्यासमोर बसून त्याने अखेर सांगितलं.

आई गेली तेव्हा बाबा दुसऱ्या एका आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला त्याच्या घरी गेले होते. आईजवळ हा एकटा. बाबा पोचले तोवर तिचा चेहरा निवला होता. तेव्हापासून बाबा चर्चच्या मंडळीपुढे उभे राहून सांगतात, माझी पत्नी हसतमुखाने देवाघरी गेली. लोक डोळे पुसतात, आणि हा पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणतो.

“ती हसत नव्हती,” तो म्हणाला. “घाबरली होती. माझा हात सोडत नव्हती. ‘तुझे बाबा कधी येणार?’ एवढंच विचारत होती.”

हे बाबांना सांगावं तर ते कोसळतील, आणि न सांगावं तर त्यांच्यासमोर बसून घास गिळवत नाही. घाईबाई पहिल्यांदाच डब्याला हात न लावता नुसती बसून राहिली. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्या रात्री तो ढाराढूर झोपला. बाईंनी इस्पितळातलं कामही पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सकाळच्या उपासनेत, कुणासाठी प्रार्थना करायची त्या विनंत्या सुरू झाल्या आणि घाईबाई उठली. नाव नाही घेतलं, तेवढं भान होतं बिचारीला. आपल्यातल्या एका भावासाठी, अशी सुरुवात करून तिने बाकी सगळं सांगितलं, आईचा हातसुद्धा. एकेक मान वळायला लागली. आई नसलेला पाळकाचा मुलगा कॉलेजात होताच एक.

बाहेर आल्यावर त्याने तिला जाब विचारला. ती गोंधळून म्हणाली, “मी माणसांना कुठे सांगितलं? देवाला सांगितलं.”

कपाळ! मग ती रडायला लागली, आणि सवयीप्रमाणे याने तिचंच ऐकून घेतलं. दिवसभर येणारा-जाणारा खांद्यावर हात ठेवून ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतोय’ म्हणायचा आणि पुढे निघून जायचा. कुणीही थांबलं नाही. इतका एकटा तो आधी कधीच नव्हता.

कॉलेजातल्या विनंत्या फोनवरच्या प्रार्थना-गटातून गावोगावच्या पाळकांकडे जातात. संध्याकाळी बाबांचा फोन आला. तब्येत झाली, अभ्यास झाला. मग ते म्हणाले, तुमच्याकडच्या एका मुलासाठी विनंती आली आहे. आई घाबरत घाबरत गेली, वडिलांना ते ठाऊक नाही, पोराला सांगवत नाही. गटात येईतो निम्मी हकिगत गळली होती. आणि बाबांची बायको तर हसत गेली होती, त्यांना ओळख पटणार कशी?

“तू बोल त्याच्याशी,” बाबा म्हणाले. “तेच शिकतोयस ना? म्हणावं, सांगून टाक. बापाला खरं तेच ऐकायचं असतं.”

‘हो बाबा, बोलतो,’ हे उत्तर जिभेवर तयार होतं. अशीच उत्तरं देत तो लहानाचा मोठा झाला होता.

“बाबा, तो मुलगा मी आहे.”

शब्दाला कधी न अडणारा माणूस अडला होता. आता प्रार्थना सुरू करतील, असं त्याला वाटलं. ती सुरू झाली नाही. ‘जाऊ द्या, शेवटी शांत झाली होती ती,’ असं म्हणून टाकावं, असं त्याला फार वाटलं. पण बाईंचा दुसरा नियम आठवून तो गप्प राहिला.

“काय म्हणत होती?” बाबांनी विचारलं.

“तुझे बाबा कधी येणार, असं विचारत होती. सारखं.”

तिकडे कुणीतरी हाक मारत होतं, पाळकसाहेब, मंडळी थांबलीय. बाबांनी ओ दिली नाही. मग त्यांचा आवाज आला, व्यासपीठावरचा नव्हे, घरातला.

“तू कधी येणार?”